बारा नारळांचं गाव

शाळेच्या पुस्तकात शहाजीराजांच्या बंगळूरला जेमतेम दोन ओळी मिळायच्या. आदिलशहाने राजांना बंगळूरची जहागीर दिली, जिजाबाई आणि शिवबा पुण्याला आले, आणि मग धडा पुण्यातच रमायचा. राजे मात्र १६३८ पासून १६६४ पर्यंत, आयुष्याच्या अखेरीपर्यंत, मुख्यतः कर्नाटकातच वावरले. त्या काळात तिकडे कोण माणसं गेली, त्यांनी काय केलं, त्यांची मुलंबाळं पुढे कुठे पांगली, हे मला कळलं ते १९८३ च्या उन्हाळ्यात, बंगळूरला आजोळी. सांगणारी माणसं घरचीच होती: आजोबा, त्यांची थोरली बहीण म्हणजे आमची आत्याआजी, आणि चामराजपेटेतले त्यांचे शेजारी.

त्या वर्षी पाडवा एप्रिलच्या मध्यावर आला होता. परीक्षा संपल्या होत्या आणि आम्हाला न्यायला आजोबा स्वतः पुण्याला आले होते. पुण्याहून मिरजेपर्यंत मोठ्या रुळांची गाडी. मिरजेला ट्रंका उतरवायच्या, हमालामागे धावायचं आणि छोट्या रुळांच्या गाडीत चढायचं. बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी. डब्यात मराठी हळूहळू कमी होत जायची आणि कन्नड वाढत जायची, पण ती नेमकी कुठे संपली आणि ही कुठे सुरू झाली हे सांगता येत नसे. बेळगावला चढलेली बाई आईशी मराठीत बोलायची, शेजारणीशी कन्नडमध्ये, आणि मांडीवरच्या पोराला दोन्ही भाषांत दटावायची.

दावणगेरे आलं तेव्हा आजोबांनी मला खिडकीशी ओढलं. “इथून पलीकडे चन्नगिरीच्या बाजूला होदिगेरे नावाचं गाव आहे. शहाजीराजे तिथे गेले.” शिकारीच्या मागे दौडताना घोड्याचा पाय वेलीत अडकला आणि राजे खाली आले, ही हकीकत त्यांनी अशा आवाजात सांगितली की समोरच्या बाकावरचे गृहस्थही हातातलं वर्तमानपत्र मिटून ऐकू लागले. जानेवारी १६६४. मुलगा सूरत लुटून परतीच्या वाटेवर होता आणि बाप इथे, तुंगभद्रेच्या दक्षिणेला, रानात पडला होता. होदिगेरेला राजांची साधी दगडी समाधी आजही आहे. त्या क्षणी मला पहिल्यांदा जाणवलं, की ज्या इतिहासाला मी आमच्या गावाचा समजत होते त्याची एक मोठी वाट ह्या रुळांवरून दक्षिणेकडे गेली आहे.

चामराजपेट ही १८९२ मध्ये आखलेली वस्ती. सरळ रस्ते, कौलारू घरं, रस्त्याला लागून बसायची ‘जगली’, म्हणजे आपला ओटा, आणि आत लाल रंगाची गुळगुळीत जमीन. पुण्यात ज्या दिवसांत दुपारी अंगणात पाय ठेववत नसे, त्या दिवसांत इथे गार जमिनीवर उघड्या अंगाने झोपावं, आणि चारच्या सुमाराला आभाळ भरून यावं. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हाने तापलेल्या हवेतून संध्याकाळी वळवाच्या सरी कोसळतात. आंबे पिकायच्या दिवसांतला हा पाऊस तिथली माणसं आंब्याचाच पाऊस मानतात. तो पडून गेला की गल्लीतली पोरं बाहेर यायची. त्यांच्यात तमिळ घरातली दोन भावंडं होती, एक तेलुगू मुलगी, समोरच्या घरातला दख्खनी उर्दू बोलणारा मुलगा, आणि बाकी सगळी कन्नड. आमच्या विटीदांडूला ती चिन्निदांडू म्हणायची आणि लगोरीला लगोरीच. खेळात भांडण झालं की प्रत्येकजण आपापल्या भाषेत ओरडायचा आणि निकाल मात्र सगळ्यांना कळायचा.

रामनवमीला घरोघरी पानक, कोसंबरी आणि ताक. गूळ, लिंबू, वेलची, सुंठ घातलेलं पानक तांब्याच्या कळशीत भरून जगलीवर ठेवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायचं, हे आम्हा मुलांचं काम. त्या दिवसापासून चामराजपेटेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीच्या मैफली सुरू व्हायच्या. १९३९ पासून चालत आलेला हा संगीतोत्सव. मोठी माणसं आत मांडवात बसत. आम्ही पोरं कुंपणाशी भाजलेल्या शेंगा खात गाणं ऐकत असू. घरी परतल्यावर रात्री जगलीवर चटया पडायच्या, आणि आजोबा व आत्याआजी ह्यांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. मामा अधूनमधून दुरुस्त्या करायचे, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कन्नडमध्ये भर घालायचे.

आजोबा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांची गोष्ट सनावळीने सुरू व्हायची. १५३७ मध्ये पहिल्या केंपेगौडांनी बंगळूर वसवलं. दोड्डपेट आणि चिक्कपेट ह्यांच्या चौकात चार नांगर जुंपले, चार दिशांना बैल हाकले, आणि ते जिथे थांबले तिथपर्यंत गावाची हद्द ठरली, अशी लोककथा. मी लगेच म्हटलं, “पुण्यातसुद्धा सोन्याचा नांगर फिरवला होता!” आजोबा खुलले. ते म्हणाले, “बघ, तुझी दोन्ही गावं नांगराने सुरू झाली. एक केंपेगौडांनी नव्याने वसवलं, एक जिजाऊंनी उजाड झालेलं पुन्हा नांदतं केलं.” पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे आले, केंपेगौडांच्या वंशजाला बंगळूर सोडून मागडीला जावं लागलं, आणि ते गाव राजांच्या जहागिरीत आलं. हे सांगताना आजोबा केंपेगौडांच्या वंशजाची बाजूही तितक्याच आस्थेने सांगत. आपलं वसवलेलं गाव सोडून जाणाऱ्या माणसाचं दुःख त्यांनी आम्हाला कधी वगळू दिलं नाही.

चिकपेटेत राजांचा गौरीमहाल होता, असं जुनी माणसं सांगतात. मामा मला तिथे घेऊन गेले. कापडाची दुकानं, जरीच्या साड्या, हमालांची गर्दी, ढकलगाड्या. महालाचा एक दगडही दिसला नाही. मी हिरमुसले, तेव्हा रात्री आजोबांनी कपाटातून एक जीर्ण पुस्तक काढलं: जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. जयराम कवी शहाजीराजांची कीर्ती ऐकून उत्तरेकडून बंगळूरला आला. दरबारात त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. हे काय, असं विचारल्यावर उत्तर मिळालं: मला बारा भाषांत कविता करता येते. आणि त्याने त्या केल्याही. संस्कृत, प्राकृत, हिंदुस्थानी, कर्नाटकी अशा नाना भाषांतल्या रचना त्या ग्रंथात आहेत.

त्या रात्री ही गोष्ट मला गमतीची वाटली होती. आज वाटतं, बंगळूरबद्दल ह्याहून नेमकं काही सांगताच येणार नाही. महाल जमीनदोस्त झाला, किल्ला बदलला, सत्ता बदलल्या. पण त्या गावात बारा भाषांना एकाच ओसरीवर जागा असते ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आमच्या गल्लीतल्या लगोरीच्या डावातही खरी होती.

आत्याआजीच्या गोष्टींत सनावळी नसे, नातीगोती असत. तिच्या लेखी व्यंकोजीराजे म्हणजे ‘धाकले राजे’, शहाजीराजे आणि तुकाबाईंचे चिरंजीव, आणि दीपाबाई म्हणजे त्यांची शहाणी बायको. तिची सगळ्यात आवडती गोष्ट ह्या दीपाबाईंची होती. शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिणेत उतरले, सावत्र भावाकडे वडिलांच्या दौलतीत वाटा मागितला, व्यंकोजींनी तो नाकारला, भेट फिसकटली, लढाई झाली. मग दीपाबाईंनी नवऱ्याची समजूत घातली. तह झाला, आणि त्या तहात महाराजांनी बंगळूर व आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. आत्याआजी म्हणायची, “हे गाव भावजयीच्या ओटीत घातलेलं आहे, बरं का!” आणि आजोबांकडे पाहायची. आजोबा मान डोलवायचे, कारण हे नुसतं ऐकीव नव्हतं. तहाच्या कलमांत ते आलेलं आहे. तलवारीने आलेलं गाव शेवटी घरातल्या बाईच्या मानाचं झालं, ह्याचा आत्याआजीला शेवटपर्यंत अभिमान होता.

त्यानंतर मराठ्यांच्या हातात बंगळूर फार काळ राहिलं नाही. व्यंकोजींनी तंजावरला राज्य मांडलं होतं. दूरचं बंगळूर सांभाळणं अवघड होत होतं. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाखांचा सौदा ठरला. तो पुरा होण्याआधीच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने गाव घेतलं, आणि अखेर ते म्हैसूरकरांकडे गेलं. राजांबरोबर आलेल्या माणसांतली कित्येक तंजावरकडे सरकली, कित्येक इथेच राहिली. आमचं घराणं साताऱ्याकडून राजांबरोबर निघालं, व्यंकोजींबरोबर कावेरीकाठी गेलं आणि म्हैसूर संस्थानात नोकऱ्या मिळू लागल्या तेव्हा पुन्हा बंगळूरला आलं, असं आत्याआजी सांगे. ह्याला घरात कागद नाही. पण त्या वाटेने आलेल्या माणसांच्या खुणा शहरात उघड आहेत. कुंभकोणमच्या मराठी घरातले व्ही. पी. माधवराव १९०६ ते १९०९ म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्यानंतर १९१२ पर्यंत टी. आनंदराव दिवाण झाले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा ही तीन संस्थानं सांभाळणाऱ्या सर टी. माधवरावांचे हे चिरंजीव. मॅजेस्टिकजवळच्या ज्या आनंदराव सर्कलवरून आमची बस वळायची, त्याला ह्यांचंच नाव आहे.

तंजावरची आणखी एक गोष्ट आत्याआजी सांबार ढवळता ढवळता सांगायची. संभाजीराजे पाहुणे आले होते, आमटीत घालायला कोकम संपलं होतं, मुदपाकखान्यात चिंच वापरली, आणि पाहुण्यांच्या नावावरून त्या आमटीला नाव पडलं. ह्या गोष्टीला दप्तरात आधार नाही, हे आजोबा स्पष्ट सांगत. तरीही मला ती जपावीशी वाटते. कोकणातलं आमसूल कावेरीकाठी मिळेना, तेव्हा आपल्या माणसांनी तिथल्या मातीत पिकणारी चिंच आपलीशी केली. एवढं तर त्या गोष्टीत नक्कीच खरं आहे. आमच्या आजोळच्या स्वयंपाकघरात तेच चालायचं. सकाळी पोळीभाजी, दुपारी बिसिबेळे भात, त्याच्या मसाल्यात ‘मराठी मोग्गू’ नावाच्या सुकवलेल्या कळ्या, संध्याकाळी थालीपीठ आणि जेवणानंतर रसपुरी आंबे. हापूसला तिथे बादामी म्हणतात. आत्याआजी बादामी पाहुण्यांना द्यायची आणि रसपुरी आम्हाला, कारण तिच्या मते चोखून खायचा आंबा तोच.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री आम्हाला जागं ठेवलं गेलं. तिगळरपेटेतल्या धर्मराय मंदिरातून करग निघतो. धर्मराय म्हणजे युधिष्ठिर. पण उत्सव द्रौपदीचा. पांडव स्वर्गाच्या वाटेला लागले, द्रौपदी मागे राहिली, तिमिरासुराशी लढायला तिने वीरकुमार निर्माण केले, आणि निरोप घेताना दरवर्षी येण्याचं वचन दिलं, अशी तिगळ समाजाची श्रद्धा. हा समाज परंपरेने मळे-बागायत करणारा. मामांचा एक तिगळ मित्र आम्हाला न्यायला आला आणि आम्हाला एका उंच ओट्यावर बसवून स्वतः तलवार घेऊन वीरकुमारांत गेला. मध्यरात्र उलटल्यावर मोगऱ्याचा दरवळ आधी आला, मग नंग्या तलवारींची रांग, आणि मध्ये स्त्रीवेषातला पुजारी, डोक्यावर फुलांनी मढवलेला उंच करग, त्याला हात न लावता नाचत चाललेला. ही मिरवणूक वाटेत मस्तानसाहेबांच्या दर्ग्यात जाते, तिथून पुढे निघते. आमच्या समोरच्या घरातला उर्दू बोलणारा मित्र दर्ग्यापाशी आमच्या आधी पोचला होता. करग दर्ग्यात येतो हे तो आपल्या घरचं कार्य असल्यासारखं सांगत होता. महाभारत मी पुस्तकात वाचलं होतं. त्या रात्री ते माळी, सूफी आणि गल्लीतल्या पोरांच्या मधून चालत गेलं.

मे महिन्यात आजोबा आम्हाला मल्लेश्वरमला घेऊन गेले. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठांतली दाटी कमी करायला ज्या नव्या वसाहती आखल्या, त्यांत मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ह्या दोन मुख्य. पण मल्लेश्वरमला नाव देणारं काडु मल्लेश्वराचं देऊळ त्याहून पुष्कळ जुनं. काडु म्हणजे रान; रानातला मल्लिकार्जुन. तिथल्या १६६९ च्या शिलालेखात मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव दिल्याची नोंद आहे, आणि देणारा आहे एकोजी, म्हणजे आत्याआजीचे धाकले राजे. आजोबांनी मला ती नोंद उलगडून सांगितली आणि म्हणाले, “गोष्ट आजीकडून ऐकायची आणि मग असा दगड शोधायचा. दगड सापडला तर आनंद. नाही सापडला, तरी गोष्ट टाकायची नाही. तिच्यापुढे ‘ऐकीव’ असं लिहून ठेवायचं.” इतिहास कसा राखावा ह्याचा मला मिळालेला हा सगळ्यात मोठा धडा आहे.

देवळासमोरच्या मोकळ्या जागेत त्या दिवशी आम्ही डबा सोडून बसलो होतो. १९९७ मध्ये तिथे बांधकामासाठी खणताना मातीखाली अख्खं नंदीतीर्थ सापडलं: दगडी पायऱ्यांची कल्याणी, नंदीच्या मुखातून खालच्या शिवलिंगावर पडणारी पाण्याची धार. वर माणसं ये-जा करत होती आणि खाली एक देऊळ वाट पाहत होतं.

त्या उन्हाळ्यात एक अवघड प्रसंगही आला. आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, गोकाक अहवालाच्या अंमलबजावणीसाठी कर्नाटकभर आंदोलन पेटलं होतं. शाळेत कन्नडला पहिलं स्थान मिळावं ही मागणी, डॉ. राजकुमार त्यात उतरल्यावर त्याला प्रचंड बळ आलं. बेळगावचा प्रश्न तर धगधगत होताच. खेळता खेळता गल्लीतल्या एका थोराड मुलाने मला विचारलं, “तुम्ही मराठी, मग इथे कशाला राहता?” मी रडत घरी आले. आजोबांनी त्या मुलाला बोलावलं, शेजारी बसवलं, पानकाचा पेला दिला आणि कन्नडमध्ये विचारलं, “बेंद्रे तुझे की माझे?” द. रा. बेंद्रे दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर १९८१ मध्ये, गेले होते. धारवाडचे, घरात मराठी, आणि कन्नडने ज्यांना वरकवी म्हटलं. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार ‘नाकु तंती’ ह्या त्यांच्या कन्नड संग्रहाला मिळालेला. मुलगा म्हणाला, “आमचे.” आजोबा म्हणाले, “माझेही. म्हणून मी इथे राहतो.” मग त्यांनी माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, की ज्या गावाने आपल्याला जेवू घातलं त्या गावाच्या भाषेचा मान ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि स्वतःची भाषा घरात जिवंत ठेवणं हेही कर्तव्यच, एकाने दुसरं उणं होत नाही. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा मला सांगायला आला, की गविपुरातल्या सरकारी कन्नड शाळेत शिकलेला, हनुमंतनगरचा, मॅजेस्टिकच्या बसवर कंडक्टर असलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला मुलगा आता मद्रासला रजनीकांत झाला आहे. त्याच्या परीने ती समेट होती.

आजोबा आणि आत्याआजी आता नाहीत. चामराजपेटेतल्या त्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे. माझी भाची व्हाइटफील्डला नोकरीसाठी राहते, आणि तिच्यासारखी हजारो मराठी मुलंमुली आज त्या शहरात आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटतं, मराठी माणूस इथे आला तो संगणकांबरोबर. गेल्या मे महिन्यात मी तिला काडु मल्लेश्वराला नेलं, एकोजीचा लेख सांगितला, दीपाबाईंची चोळीबांगडी सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे मी इथे परकी नाही.” मी म्हटलं, “नाहीस. पण मालकही नाहीस. कन्नड शीक.” ती आता शिकते आहे.

बंगळूरसारखी गावं पुष्कळ आहेत. तंजावर, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद. सगळीकडे अशी घरं आहेत जिथे एखादी आत्याआजी सनावळीशिवाय तीन शतकं तोंडपाठ सांगते. आपला इतिहास लिहिणाऱ्यांनी मोहिमा आणि तह नोंदवले. मोहिमेबरोबर गेलेली आणि तिथेच राहून शेजाऱ्यांची झालेली माणसं मात्र घरच्या गोष्टींतच राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन पिढ्या एका छपराखाली येतात. वर्षात पुन्हा असा सलग वेळ मिळत नाही. त्या दिवसांत पोरांना वही द्यावी. कोण कुठून आलं, कोणत्या गावी राहिलं, शेजारी कोण होते, सणाला काय रांधलं, हे विचारायला लावावं. ज्याला शिलालेखाचा किंवा कागदाचा आधार मिळेल त्याच्यापुढे तो आधार लिहावा. ज्याला मिळणार नाही त्याच्यापुढे प्रामाणिकपणे ‘ऐकीव’ लिहावं. आणि शेजारच्या घरातल्या मुलालाही वही द्यावी, कारण आपली अर्धी गोष्ट त्याच्या आजीकडे आहे.